पिक्चर सुटल्यावर : मराठी प्रेक्षक नेमका कशावर भांडतो?

एप्रिल २०१६ च्या अखेरीस 'सैराट' लागला आणि पुढचे कित्येक आठवडे महाराष्ट्रात त्याबद्दल मत नसलेला माणूस सापडणं अवघड झालं. एसटी स्टँडवर, सलूनमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत एकच विषय. कुणाला मध्यंतरानंतरचा हैदराबादचा भाग लांबलेला वाटत होता, तर कुणाच्या मते खरा पिक्चर तिथूनच सुरू होत होता. पोरं बिघडतील म्हणून कपाळाला हात लावणारे होते, आणि आमच्या गावात हेच घडलंय असं सांगणारेही होते. यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी परीक्षण लिहिलेलं नव्हतं. तरीही चित्रपटातले कळीचे प्रश्न त्यांनीच अचूक पकडले होते.

मराठी प्रेक्षकाच्या अशा वादांची परंपरा बोलपटाइतकीच जुनी असावी. गेल्या पन्नासेक वर्षांतल्या लोकप्रिय चित्रपटांवरचे वाद एकत्र मांडले, तर काही भांडणं पुन्हा पुन्हा होताना दिसतात. शेवट असाच हवा होता का? ही नक्कल आहे की आपली गोष्ट? नाटक मोठं की पडदा? इतिहास किती वाकवायचा? हा पिक्चर कुणासाठी आहे? वाद एखाद्या प्रसंगापाशी, पात्रापाशी येऊन थांबला की सामान्य प्रेक्षक उत्तम समीक्षा करतो. तो गल्ल्याच्या आकड्यांवर किंवा खेळ बंद पाडण्यावर गेला की मूळ चित्रपटच बाजूला पडतो.

शेवट कुणाच्या हातात?

'सैराट'चा शेवट घ्या. आर्ची आणि परशानं परक्या शहरात संसार उभा केलाय. दारात रांगोळी घालणाऱ्या आर्चीसमोर भाऊ आणि त्याची माणसं माहेरची भेट घेऊन उभी राहतात. चहा होतो. शेजारीण बाळाला घरी आणून सोडते तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. ते मूल रक्तात भरलेल्या पावलांनी बाहेर चालत येतं आणि पडद्यावर कसलाही आवाज नसतो. आधी 'झिंगाट'वर खुर्च्यांपुढे नाचणारं थिएटर इथे गप्प व्हायचं.

वाद झाला तो या शांततेवर. नागराज मंजुळे यांनी प्रेक्षकाला दोन-अडीच तास प्रेमात पाडून दगा दिला, अशी एका बाजूची तक्रार होती. दुसरी बाजू म्हणायची की दगा समाजानं दिलाय, दिग्दर्शकानं तो फक्त दाखवला. पाटलाची बुलेट चालवणारी पोर आणि मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा सुखानं नांदतात, असं दाखवलं असतं तर ते खरं झालं असतं का, हा प्रश्न जातीचा होता आणि प्रेक्षक तो जातीचाच प्रश्न म्हणून बोलत होते. मंजुळे यांच्याच आधीच्या 'फँड्री'तल्या जब्यानं शेवटी भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेनं आला होता. तो ज्यांनी पाहिला होता, त्यांना 'सैराट'च्या शेवटाचं आश्चर्य वाटलं नाही.

२०१८ मध्ये 'धडक' आला तेव्हा हा वाद आणखी नेमका झाला. हिंदी रूपात नायिका वाचते, नवरा आणि मूल मारले जातात. गोष्ट उदयपूर-कोलकात्याला गेली आणि जातीचा काटा बोथट झाला. मराठी प्रेक्षकांनी दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहिले. मूल एकटं मागे उरणं आणि आई एकटी मागे उरणं यात काय फरक पडतो, यावर घराघरांत बोलणं झालं. तुलनात्मक समीक्षा याहून वेगळी काय असते?

शेवट बदलण्याचा अधिकार नेहमी दिग्दर्शकाकडेच असतो असंही नाही. 'शोले'च्या मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो. आणीबाणीच्या काळातल्या सेन्सॉरनं ते चालू दिलं नाही आणि पोलीस येऊन पोचले. १५ ऑगस्ट १९७५ ला मुंबईत 'मिनर्व्हा'ला लागलेला हा चित्रपट तिथे पाच वर्षं चालला. गब्बर मरायला हवा होता की नाही, याचं भांडण त्यानंतरही कितीतरी वर्षं पुरलं.

नक्कल की आपलं?

मराठीतला सर्वांत लाडका विनोदी चित्रपट कोणता असं विचारलं, की बहुतेक ठिकाणी उत्तर येतं 'अशी ही बनवाबनवी'. सचिन पिळगावकर यांचा १९८८ चा हा चित्रपट हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) वर बेतलेला आहे. हे कळल्यावर काही चाहते हिरमुसतात आणि काही ऐकूनच घेत नाहीत. 'बीवी और मकान' आज फारसा कुणाला आठवत नाही. 'बनवाबनवी'तली लिंबू रंगाची साडी, मधुमेहाच्या औषधाचे ते सत्तर रुपये, धनंजय मानेंचा पत्ता विचारत येणारा पाहुणा हे मात्र पस्तीस वर्षांनंतर आजच्या मुलांनाही पाठ आहे.

याचं कारण शोधताना प्रेक्षक बरोबर जागी पोचतात : वसंत सबनीस यांचे संवाद. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या सबनीसांना वगनाट्याची लय माहीत होती. वाक्य कुठे तोडायचं, उत्तर किती उशिरा द्यायचं, साध्या शब्दावर हशा कसा घ्यायचा हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं. भाड्याची खोली मिळत नाही म्हणून चार मित्रांपैकी दोघं बायकांचा वेष घेतात, एवढा सांगाडा उसना आहे. त्यात ओतलेलं पुण्यातलं घरमालकाचं आणि भाडेकरूंचं जग मात्र अस्सल मराठी आहे. सुधीर जोशींनी उभे केलेले घरमालक सरपोतदार दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडायचे नाहीत.

अलीकडे या चित्रपटावर नवी टीकाही ऐकू येते. पुरुषांनी बायकी वेष घेऊन घरातल्या बायकांचा विश्वास मिळवायचा आणि मग प्रेमात पडायचं, हे आजच्या तरुण मुलींना खटकतं. जुने चाहते म्हणतात, प्रहसनाला असा काटा लावू नका. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. एखादा चित्रपट दुसऱ्या पिढीकडून असा उलटतपासला जातो, याचाच अर्थ तो अजून जिवंत आहे.

उसनेपणाची यादी मोठी आहे. महेश कोठारे यांचा 'धुमधडाका' (१९८५) तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै' आणि त्याच्या हिंदी रूपाच्या, 'प्यार किये जा'च्या वाटेनं आला. 'झपाटलेला' (१९९३) पाहताना अमेरिकेतला 'चाइल्ड्स प्ले' आठवतो, पण रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू आणि त्याला दिलीप प्रभावळकरांनी दिलेला आवाज यांमुळे तो बाहुला मराठीच झाला. व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'चं (१९७२) मूळ जर्मन 'ब्लू एंजल'मध्ये. रितेश देशमुख यांचा 'वेड' (२०२२) तेलुगू 'मजिली'वरून. यातल्या 'पिंजरा'वरचा वाद नकलेच्या पुढे गेला. आदर्श मास्तर तमाशातल्या बाईपायी रसातळाला जातो, म्हणजे दोष कलेचा आणि बाईचा, ही मांडणी तमाशा जवळून पाहिलेल्यांना सलत राहिली. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा 'नटरंग' २०१० मध्ये आला तेव्हा या जुन्या सलाला उत्तर मिळाल्यासारखं अनेकांना वाटलं. तिथे कष्ट, अपमान आणि किंमत सगळं कलावंताच्या बाजूनं दिसतं. कमावलेल्या पहिलवानी शरीराचा तमाशातला 'नाच्या' होताना अतुल कुलकर्णींना पाहणं हाच त्या चित्रपटाचा युक्तिवाद होता.

आधी वाचलेलं, आधी ऐकलेलं

मराठी माणूस नाटकात आणि पुस्तकात मुरलेला असल्यामुळे इथला आणखी एक वाद फार रंगतो. 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आलं आणि डॉ. श्रीराम लागू म्हणजे अप्पासाहेब बेलवलकर हे समीकरण पक्कं झालं. १ जानेवारी २०१६ ला नाना पाटेकर यांना अप्पासाहेब म्हणून घेऊन महेश मांजरेकर यांचा चित्रपट लागला आणि लागू की नाना, अशी जुंपली. नानांचा अप्पा कॅमेऱ्याला शोभेल इतका जवळचा आहे, असं एक मत. तो अप्पा राहत नाही, नानाच होतो, असं दुसरं. एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत व्हायचं : विक्रम गोखले यांचा रामभाऊ. दोन म्हातारे नट मित्र समोरासमोर येतात तेव्हा चित्रपट नाटकाच्या सावलीतून बाहेर पडतो, हे नाटकाचे कट्टर चाहतेही मान्य करत.

'कट्यार काळजात घुसली'वर झालेलं भांडण सुरांचं होतं. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचं नाटक १९६७ चं. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी ते पडद्यावर आणलं. खाँसाहेब झाले सचिन आणि त्यांचा आवाज झाला वसंतरावांचा नातू राहुल देशपांडे. जुन्या श्रोत्यांना खाँसाहेब जास्त काळे रंगवलेले वाटले, शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आणि कव्वाली कुणाला उपरी वाटली. तिकडे आयुष्यात कधी नाट्यपद न ऐकलेली मुलं घरी येऊन मूळ ध्वनिमुद्रणं शोधू लागली. महेश काळे यांना याच चित्रपटातल्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आजोबा आणि नात यांना एकाच पदावर भांडता यावं, असं या चित्रपटानं घडवून आणलं. ही त्याची फार मोठी कमाई आहे.

'दुनियादारी'च्या (२०१३) वेळी वाचकांचा राग वेगळा होता. सुहास शिरवळकरांची ही कादंबरी वाचनालयांतून फाटेपर्यंत फिरलेली. प्रत्येकाच्या मनात स्वतःचा दिग्या, स्वतःचा श्रेयस होता. पस्तिशी ओलांडलेले नट कॉलेजकुमार म्हणून पाहणं त्यांना जड गेलं, बदललेले तपशील टोचले. ज्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, त्यांनी मात्र मैत्रीच्या त्या गोष्टीला डोक्यावर घेतलं, आणि त्यातले कित्येक नंतर पुस्तकाकडे गेले.

इतिहासापाशी आवाज चढतो

ऐतिहासिक चित्रपटावरचं बोलणं बघता बघता तापतं, आणि तसं होणं समजण्यासारखं आहे. शिवकाल आणि पेशवाई हे मराठी माणसाच्या घरातले विषय आहेत. संजय लीला भन्साळी यांच्या 'बाजीराव मस्तानी'त (२०१५) काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालताना दिसल्या तेव्हा पुण्यात संताप उसळला. पेशव्यांच्या घरातली स्त्री अशी नाचेल का, हा आक्षेप होता. जानेवारी २०२५ मध्ये लक्ष्मण उतेकर यांच्या 'छावा'च्या झलकीत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावर हरकत आली आणि चित्रपट लागण्याआधीच ते दृश्य काढलं गेलं. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट लागल्यावर गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर त्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली.

यात दोन प्रकारचे प्रेक्षक वेगळे ओळखायला हवेत. एक जण पोशाख, शस्त्र, गडाची रचना, बखरीतला आणि पत्रातला पुरावा घेऊन बोलतो. दिग्पाल लांजेकर यांच्या 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड' या चित्रपटांवर अशी तपशिलातली चर्चा भरपूर झाली. घोडखिंडीतली लढाई किती माणसांत झाली, पाऊस कसा होता, बाजीप्रभूंच्या हातात काय होतं, हे विचारणारा गडप्रेमी चित्रपटाचा शत्रू नव्हे. तो पुढचा चित्रपट सुधारतो. दुसरा प्रकार चित्रपट न पाहताच तो थांबवायला निघतो. २०२२ मध्ये 'हर हर महादेव'च्या वेळी ठाण्यातल्या मल्टिप्लेक्समध्ये खेळ बंद पाडला गेला आणि प्रेक्षकाला मारहाण झाल्याचा गुन्हा नोंदवला गेला. तिकीट काढून बसलेल्या माणसाला उठवण्यात इतिहासाचं काहीच भलं होत नाही. पुरावा मांडणाऱ्याचा आवाजही त्या गोंधळात बुडतो.

बायकांचे पिक्चर

१९९१ मध्ये विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. अलका कुबल यांची सोशिक लक्ष्मी पाहायला बायका गावोगावहून ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आल्या. शहरी जाणकारांनी त्याला रडारडीचा चित्रपट म्हणून नाक मुरडलं आणि ते विशेषण आजही चिकटलेलं आहे. सासुरवासाला सोशिकपणाचं सोनं चढवणं चुकीचंच, ही टीका योग्य आहे. पण त्या बायका नेमकं कशावर रडत होत्या, हे त्या वेळी फारसं कुणी विचारलं नाही. स्वतःच्या घरात ज्याचा उच्चार करता येत नव्हता, ते अंधाऱ्या थिएटरात शंभर जणींसोबत रडून मोकळं करता येत होतं.

३० जून २०२३ ला लागलेल्या केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'नं हा वाद नव्यानं उघडला. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही गोष्ट. भिशीचे गट, सोसायटीची मंडळं, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी नऊवारी नेसून, गॉगल लावून थिएटरला गेल्या. कथा मालिकेसारखी पसरट आहे, अशी तक्रार अनेकांनी केली आणि ती अगदीच चुकीची नव्हती. त्यावर बायकांकडून आलेलं उत्तर अधिक महत्त्वाचं होतं : पन्नाशीच्या बाईची पाळी, तिचा रुसवा, तिचं कर्ज, तिची धाकटीशी असलेली स्पर्धा हे सगळं नायिकेच्या जागेवर कधी दिसलं होतं? आपल्यावर पिक्चर निघाला, हा आनंद पटकथेतल्या त्रुटींपेक्षा मोठा होता. मराठी समीक्षेनं हा आनंद नीट समजून घेतला पाहिजे.

नटांवरची भांडणंही अशीच नात्यातली असतात. अशोक सराफ की लक्ष्मीकांत बेर्डे, हा प्रश्न निकालात निघायचा नाही आणि निघूही नये. लक्ष्याची धांदल आणि अशोकमामांचं थांबणं एकमेकांवर उभं होतं. बेर्डे २००४ मध्ये गेले. सराफ यांना पुढे महाराष्ट्र भूषण आणि पद्मश्री मिळाले, तेव्हा अनेकांना पहिली आठवण लक्ष्याचीच झाली.

गल्ला आणि शो

सध्याच्या बोलण्यात कोटींचा आकडा फार वाढलाय. 'सैराट' शंभर कोटींच्या घरात गेला, 'बाईपण' सत्तरच्या पुढे, मग कुणाचा पिक्चर मोठा? या हिशेबात गफलती बऱ्याच. ग्रॉस म्हणजे करासकट जमलेली रक्कम, नेट म्हणजे कर वजा जाता उरलेली, आणि निर्मात्याच्या हाती पडणारा वाटा त्याहून कितीतरी कमी. बातमीत यातला कुठला आकडा आहे, हे बहुतेकदा लिहिलेलंच नसतं. किती तिकिटं विकली गेली याचा अधिकृत देशव्यापी हिशेब आपल्याकडे प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे तीस रुपयांच्या तिकिटाचा काळ आणि अडीचशेचा काळ यांची तुलना पोकळ ठरते. पूर्वी मोजमाप आठवड्यांचं होतं. दादा कोंडके यांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, म्हणजे ते पंचवीस आठवडे टिकले. त्यातून लोक परत परत येत होते, एवढं तरी कळायचं.

दादांचं नाव निघालं की थिएटरचा वाद येतोच. १९७१ मध्ये 'सोंगाड्या'ला दादरचं 'कोहिनूर' मिळेना, तिथे देव आनंद यांचा 'तेरे मेरे सपने' लागणार होता. दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक रस्त्यावर आले आणि 'सोंगाड्या' लागला. पुढे तो भरपूर चालला. २०१५ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला संध्याकाळची वेळ देण्याची घोषणा केली, विरोधानंतर ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. २०१७ च्या नाताळात मराठी 'देवा' आणि हिंदी 'टायगर जिंदा है' समोरासमोर आले तेव्हा तोच प्रश्न पुन्हा पेटला. मराठी माणूस मराठी पिक्चर बघत नाही, हा आरोप प्रत्येक वेळी होतो. सकाळी साडेदहाचा एकच खेळ, तोही घरापासून पंधरा किलोमीटरवर, हे त्या माणसाचं उत्तर असतं आणि ते खरं असतं.

हा शोंचा प्रश्न वरच्या सगळ्या वादांच्या मुळाशी आहे. भांडायला दोन्ही बाजूंनी चित्रपट पाहिलेला लागतो. 'बाईपण भारी देवा'ची गर्दी पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्यात वाढली, कारण बघून आलेल्या बायकांनी शेजारणीला सांगितलं आणि शेजारीण जाईपर्यंत पिक्चर पडद्यावर होता. अनेक चित्रपटांना तेवढा अवधीच मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकर यांची मुख्य भूमिका असलेला 'दशावतार' आणि सनडान्सला पुरस्कार मिळवून आलेला रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' एका आठवड्याच्या अंतरानं लागले. पहिल्याबद्दल कोकणात आणि मुंबईत मनसोक्त वाद झाले : मालवणी कितपत जमली, कन्नड 'कांतारा'ची आठवण येते का, म्हातारा नट एकट्यानं पिक्चर ओढतो का. दुसऱ्याबद्दल असंच कडाक्याचं भांडण व्हायला हवं होतं. गावाकडच्या दहा दिवसांच्या सुतकात उमलणारं दोन पुरुषांचं प्रेम हा विषय घराघरांत बोलला जावा, इतका जवळचा आहे. त्यासाठी त्याला तालुक्याच्या गावी, संध्याकाळच्या वेळेला, निदान दोन आठवडे पडदा मिळायला हवा. 'प्रभात चित्र मंडळ' या फिल्म सोसायटीनं १९६८ पासून मुंबईत चालवलेल्या कामासारखं काही जिल्ह्या-जिल्ह्यांत उभं राहिलं आणि खेळ संपल्यावर दिवे लागले की अर्धा तास लोकांना बसून बोलू दिलं, तर 'सैराट'च्या वेळी जे आपोआप झालं, ते छोट्या चित्रपटांच्या वाट्यालाही येईल.